क्रोशाच्या सुईची जट

मांजरी, ९ डिसेंबर २०२४

आई,

जयभीम. तू फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंस, म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. काउंटरवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, पुण्यातल्या पुण्यातच पाठवायचंय का. हो म्हटलं. मांजरीहून विश्रांतवाडी किती लांब आहे ते त्यांना काय सांगणार.

परवा तू यशोला बघायला आलीस, माझ्या डोक्याकडे बघितलंस आणि लाडवांचा डबा खाली न ठेवताच परत फिरलीस. दारात म्हणालीस, "हे जटेचं डोकं घेऊन माझ्या घरात पाऊल टाकू नकोस." सौरभ पाण्याचा ग्लास हातात धरून उभाच राहिला. सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांना बरं वाटलं असावं, कारण गेले कित्येक दिवस त्याही मला हेच सांगत होत्या. फक्त तू जट म्हणालीस, त्या झिपऱ्या म्हणतात.

तू कारण विचारलं नाहीस. मी सांगते.

यशो तीन महिन्यांची झाली आणि माझे केस जायला लागले. तू जन्मभर नर्सची नोकरी केलीस, तुला यात नवल नाही. बाळंतपणानंतर जातातच, पुन्हा येतात, असं तू फोनवर म्हणालीही होतीस. पण ते माहीत असणं वेगळं आणि रोज सकाळी बाथरूमच्या जाळीत बोटं घालून साबणाच्या बुळबुळीत लडबडलेला, मेलेल्या उंदरासारखा गोळा उपसणं वेगळं. उशीवर केस, वरणात केस, यशोच्या मुठीत केस, तिच्या लाळेत चिकटलेले केस. एकदा तिच्या शीमध्ये सापडला, म्हणजे पोटात जाऊन आला होता. माझ्या अंगाला सदा आंबलेल्या दुधाचा वास, गाऊन पुढून ओला, आणि डोक्यावरून हात फिरवला की हात भरून यायचा. कानशिलं उघडी पडली. माझी मलाच शिसारी येत होती. तुझ्याजवळ हे बोलले असते, पण तू दर वेळी शेवगा खा म्हणायचीस.

दिवाळीच्या आधी एक दिवस यशो दुपारभर रडत होती. सासूबाईंनी पोटाला हिंग लावला. मी सहज तिचा मोजा काढला तर पायाचं मधलं बोट जांभळं पडलेलं आणि द्राक्षासारखं फुगलेलं. माझाच एक केस त्या बोटाला करकचून गुंडाळला गेला होता आणि मांसात इतका रुतला होता की डोळ्यांना दिसत नव्हता. हडपसरच्या डॉक्टरांनी भिंग लावून तो कापून काढला. म्हणाले, उद्यावर टाकलं असतंत तर बोट गेलं असतं. चिमट्यात धरून त्यांनी मला तो दाखवला. ओला, काळा, माझा.

त्या दिवशी मुंडणच करणार होते. सासूबाई म्हणाल्या, नवरा धडधाकट असताना बाईनं असलं करू नये. ऑफिसातल्या एका मुलीनं ड्रेडलॉक्स केलेत. ती म्हणाली, त्यात गळलेला केस बाहेर पडत नाही, आतल्या आत अडकून राहतो. मला तेवढंच हवं होतं. कॅम्पात चैताली नावाची मुलगी ते करते. तिनं कानशिलाचे विरळ केस सोडले आणि बाकीचे बट-बट घेऊन क्रोशाच्या बारीक सुईनं आत ओढत घट्ट वळले. अशा एका बटेला ती लॉक म्हणते. तेव्हापासून घरात एक केस सापडलेला नाही. दर आठवड्याला डोकं धुते. यशोची बोटं शाबूत आहेत.

तुला किळस आली ते मला दिसलं. आली तर आली. पण मला वाटलं होतं, किळस आली तरी तू नातीला उचलून घेशील.

मैत्री


विश्रांतवाडी, १६ डिसेंबर

मैत्रीस,

जयभीम. पत्र मिळालं. बोटाची सूज पूर्ण उतरली का ते कळव. मोजे उलटे करून बघत जा, आतले दोरेही तसेच गुंडाळतात.

धुते, असं लिहिलंयस. कुसुमही सुरुवातीला धूत होती.

तुझी कुसुममावशी तापानं गेली, एवढंच मी तुला सांगत आले. ताप आला होता हे खरं. पंधराची होती. महिनाभर अंथरुणात पडून होती, केस कोणी विंचरले नाहीत, गुंता होऊन जट झाली. तेव्हाच कात्री लावली असती तर विषय संपला असता. तुझ्या आजोबांनी दीक्षा घेतल्यावर घरातले देव नदीत सोडले होते. पण ते नोकरीच्या गावी, आणि इकडे तुझी आजी घाबरली. तिच्या माहेरच्या बायकांनी तिला सांगितलं, तुम्ही देवीला घराबाहेर काढलं म्हणून ती पोरीच्या डोक्यात येऊन बसली. आजोबा परत येईपर्यंत कुसुमला डोंगरावर नेऊन तिच्या गळ्यात देवीची माळ घालून झाली होती. आजोबा कात्री घेऊन मागे गेले. तिनंच लावू दिली नाही. म्हणाली, कापली तर तुम्ही सगळे मराल. आमच्यासाठी तिनं ती ठेवली, असं तिला वाटत होतं.

मी नर्सिंगला असताना तिला शेवटचं बघितलं. जट कमरेखाली पोचलेली. वास दारापर्यंत. जटेच्या बुडाशी कवटीला जखम होती आणि त्यात अळ्या होत्या. मी चिमट्यानं एकेक काढली. ती हसत होती, म्हणाली, देवी खेळतेय. त्यातच ती गेली. पुढे नोकरीत मी सगळ्या तऱ्हेची घाण साफ केली. तो वास कशानं गेला नाही.

परवा तुझं डोकं बघितलं आणि तो आला. तुझ्या डोक्याला येत नसेल. मला आला.

दोन पिढ्यांनी जे घराबाहेर काढलं ते तू खुर्चीवर बसून, पैसे मोजून परत आणलंस. चैतालीनं केली की देवीनं केली, हे बघणाऱ्याला कसं कळणार? तेवढा विचार कर.

लाडू शेजारी देऊन टाकले.

आई


मांजरी, १९ जानेवारी २०२५

आई,

बोट बरं आहे. नखही नवीन येतंय.

महिनाभर मी लिहिलं नाही. एक तर राग आला होता. कुसुममावशीचं तू मला आधी सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं. असं अंगावर फेकल्यासारखं सांगितलंस. दुसरं म्हणजे, इथे माझे दिवस अचानक बरे चालले होते. का, ते वाचून तुला मळमळेल.

नाताळच्या सुमारास सासूबाई सकाळी माझ्या खोलीत आल्या आणि लांबूनच हात जोडले. म्हणाल्या, "मले सपनात देवी दिसली. पिवळं लुगडं नेसून तुह्या उशाशी बसली होती." मी हसले. त्या हसल्या नाहीत. कालपर्यंत झिपऱ्या म्हणणाऱ्या मालनबाई त्या दिवसापासून मला भांड्याला हात लावू देईनात. गरम जेवण पुढ्यात यायला लागलं. यशोला त्या रात्री आपल्याजवळ घेऊन झोपायच्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी सलग झोपले, आई. मी त्यांना सांगितलं होतं की हे पार्लरमध्ये केलंय. एकदाच सांगितलं. पुन्हा सांगितलं नाही. सौरभला म्हटलं तुझ्या आईला समजाव, तर तो म्हणाला, राहू दे ना, खूश आहे ती, तुलाही आराम मिळतोय.

मग खालच्या मजल्यावरच्या हेमाकाकू येऊन पाया पडून गेल्या. मग त्यांची बहीण. एक दिवस मी झोपेतून उठले तर उशीवर हळद सांडलेली, आणि यशो माझ्या डोक्याची एक बट तोंडात घालून चोखत होती. तिचे ओठ कुंकवानं लाल झाले होते. मी किंचाळले, मला वाटलं रक्त आहे.

तरीही मी नीट भांडले नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू सासूबाईंनी आमच्याकडे ठेवलं. सोसायटीतल्या बायका आल्या. वाण घेऊन निघाल्या की एकेक जण माझ्या डोक्याला हात लावायची. एकीनं लॉक उचलून डोळ्यांना टेकवला, तिच्या बोटांना तिळगुळाचा चिकटा होता. कुणाच्या तरी हाताला कांद्याचा वास. मी पाटावर बसून होते, आणि माझ्या डोक्यात काय आहे ते फक्त मला माहीत होतं: दोन-अडीच महिन्यांचे मेलेले केस.

सगळ्यांच्या शेवटी नंदाताई आल्या. या आमच्या इमारतीत धुणीभांडी करतात, मांजरी गावातल्या आहेत. सोबत त्यांची मुलगी राधा होती, दहा-अकराची असेल. ती आत यायच्या आधी तिचा वास आत आला. उरलेल्या बायकांनी पदर नाकाला लावले. माझ्याशी याच बायका लाडानं बोलत होत्या.

राधाच्या पाठीवर जट होती. तेल, भंडारा आणि धूळ बसून गोवरीसारखी चपटी आणि कडक झालेली. तीतून उवा चालताना दिसत होत्या. मान तिनं एका खांद्याकडे झुकवून धरली होती. ओझ्यानं ती सरळ होतच नाही. कानामागे ओलं होतं आणि त्यावर माशी बसत होती. तिनं ती उडवलीसुद्धा नाही.

नंदाताईंनी तिला माझ्या पुढ्यात वाकवलं. म्हणाल्या की शाळेतल्या बाई जट कापा म्हणून मागे लागल्या होत्या, पोरीजवळ वर्गात कुणी बसत नाही. त्यांनाही पटलं होतं. दिवसही ठरला होता.

"पर मग तुमाला पाह्यलं," त्या म्हणाल्या. "तुमी येवड्या शिकलेल्या, कंप्युटरवाल्या. तुमी ठिवलीया म्हनल्यावर आमी कोन कापनार?"

राधा माझ्या डोक्याकडे बघत होती. भक्तीनं नाही. तिची सुटका जिनं हुकवली तिच्याकडे बघावं तशी.

मी उठून बाथरूममध्ये गेले आणि मला दोनदा उलटी झाली. पहिली राधाच्या वासानं. दुसरी वासामुळे नव्हती.

बघणाऱ्याला कसं कळणार, असं तू लिहिलं होतंस. कळलं नाही.

मैत्री


मांजरी, २ फेब्रुवारी

आई,

उत्तर आलं नाही तरी लिहिते.

नंदाताईंना मी तीन-चारदा सांगितलं की माझी जट खोटी आहे, पार्लरमधली आहे. चैतालीचा फोन नंबरसुद्धा दिला. त्या शांतपणे ऐकायच्या आणि म्हणायच्या, देवी तुमच्या तोंडून आमची परीक्षा बघते. मी चिडून बोलले तर म्हणाल्या, तापटच असते ती.

म्हणून काल दुपारी त्यांना आणि राधाला घरी बोलावलं. सासूबाईंनाही समोर बसवलं. सौरभनं यशोला घेतलं. पुढ्यात वर्तमानपत्र पसरलं, वाटीत कंडिशनर घेतला, चैतालीकडून आणलेली क्रोशाची सुई आणि स्टीलची फणी घेतली, आणि कानामागचा एक लॉक टोकाकडून उकलायला बसले.

सासूबाई लगेच म्हणाल्या, थांब, काहीतरी विपरीत होईल. मी थांबले नाही. त्यांनी डोळे मिटून जप सुरू केला. पण अधूनमधून उघडून बघत होत्या.

वेळ लागला. सुईनं एक फास सोडवायचा, फणी मारायची, पुन्हा सुई. हात कंडिशनरनं बरबटले. आणि केस निघायला लागले. फणीबरोबर झुबके यायचे, मी ते कागदावर पुसायची. ओले, करडे, एकमेकांत अडकलेले. त्यात हळद होती, कुंकवाचे गोळे होते, यशोच्या दुपट्याचा लोकरी कचरा होता, एक तीळ होता. त्यांना ऊन न लागलेल्या ओल्या फडक्यासारखा वास येत होता. एका बोटाएवढ्या लॉकमधून ओंजळभर निघाले. शेवटी माझ्या डोक्याला जी बट उरली ती उंदराच्या शेपटीएवढी होती. मी ती विंचरली, सरळ झाली.

"एवढीच होती देवी," मी म्हटलं. "बाकी सगळं मेलेलं."

नंदाताईंनी कागदावरचा झुबका उचलला. दोन बोटांत चोळला. उजेडाकडे धरला.

राधा म्हणाली, "माज्यात पन ह्येच हाय का?"

नंदाताईंनी तिचा दंड धरला आणि चपला न घालताच जिना उतरून गेल्या. सासूबाई उठून त्यांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी स्वयंपाक मी केला. भांडीही मी घासली.

आज सकाळी नंदाताई चपला न्यायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, कापायची. पण दुपारी गावातल्या पार्लरवालीनं राधाला बाकावर बसूही दिलं नाही, आणि न्हावी घाबरला. मी चैतालीला फोटो पाठवला. ती म्हणाली, हे उकलणार नाही, कापायलाच हवं, पण खाली जखम दिसते, तिथे माझी कात्री मी चालवणार नाही. दवाखान्यात न्यायला नंदाताई तयार नाहीत. तिथे सगळे नाक धरतील आणि पोर बुजेल, म्हणतात. त्यांना अशी व्यक्ती हवी आहे जिचा हात थरथरणार नाही आणि जी नाक मुरडणार नाही.

पहिली गोष्ट तुझ्याकडे आहे. दुसरीचं तू बघ.

माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्याशी बोलूही नकोस हवं तर. पुढच्या रविवारी त्या दोघी इथे असतील.

मैत्री


मांजरी, १७ फेब्रुवारी

आई,

तू आलीस. माझ्याशी बोलू नकोस असं मी लिहिलं होतं आणि तू ते अक्षरशः पाळलंस. यशोशी बोललीस, सौरभकडे गरम पाणी मागितलंस, सासूबाईंना नमस्कार केलास. मला फक्त "दिवा इकडे धर" म्हणालीस. मी धरला.

येत्या रविवारी यशोला घेऊन मी विश्रांतवाडीला येतेय. रोज दुपारी ती झोपली की मी एक लॉक उकलते. तू सांगितलंस म्हणून नाही. कुंकू आत किती खोल गेलंय ते बघितल्यापासून ते डोक्यावर सहन होत नाही. पण काम सावकाश होतं. रविवारपर्यंत अर्धं डोकं झालं असेल. अर्ध्या डोक्याचं काय करायचं ते तू ठरव.

आता तू रिक्षात बसून गेल्यावर इथे जे झालं ते सांगण्यासाठी हे पत्र.

तू कापत होतीस तेव्हा राधा तुझ्या मांडीवर डोकं टाकून झोपून गेली, ते तू बघितलंसच. नंदाताई बाहेर पॅसेजमध्ये डोक्यावरून पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा त्यांनी दबक्या आवाजात विचारलं होतं, नदीत सोडायला मिळेल का. तू नाही म्हणालीस. जट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत टाकलीस, वर यशोचे वापरलेले डायपर टाकलेस, आणि सौरभला म्हणालीस, खाली कचऱ्यात. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. मलाही वाटलं, एवढं कठोर कशाला.

तू गेल्यावर राधा उठली. तिनं मान सरळ केली, मग डावीकडे वळवली, मग उजवीकडे. दुखली असावी, कारण तोंड वाकडं केलं. मग पुन्हा वळवली. तू बांधलेल्या पट्टीला हात न लावता उरलेल्या डोक्यावरून ओला हात फिरवत राहिली. मी तिला भात वाढला आणि बघितलं तर नंदाताई नव्हत्या.

गॅलरीतून खाली पाहिलं. पार्किंगच्या कोपऱ्यात कचऱ्याचे डबे आहेत, तिथे त्या होत्या. पिशवी बाहेर काढली होती. मला वाटलं, नदीवर घेऊन चालल्या. यशोला कडेवर घेऊन मी धावत खाली गेले. त्यांना काय बोलायचं ते जिन्यात ठरवत होते.

त्या चालल्या नव्हत्या. उकिडव्या बसल्या होत्या. डायपर बाजूला करून, वर्तमानपत्र उघडून जट दोन्ही हातांत धरली होती. मी थोड्या अंतरावर थांबले. त्या वाकल्या आणि त्यांनी तिचा वास घेतला. चांगला खोल, छाती भरून. मग तिथेच नाल्याच्या कडेला भडभडून ओकल्या.

मी पाणी आणलं. त्यांनी चूळ भरली. मग जटेकडे बघत म्हणाल्या, "लई घान वास हाय हो."

मी हो म्हटलं.

"पाच वर्सं माज्या कुशीत झोपायची पोर. रोज मळमळायचं मला. देवीचा वास म्हनून गिळत बसले. पोटच्या पोरीकडं पाठ करून झोपले, पर घान म्हनले न्हाई." त्यांनी तोंड पदरानं पुसलं. "आज म्हनले."

त्यांनी ती पुन्हा पिशवीत कोंबली, डायपर वर टाकले, पिशवीच्या तोंडाला दोन गाठी मारल्या आणि डब्यात तळाशी दाबून झाकण लावलं. बागेच्या नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. मग जिना चढून वर आल्या, दारातून राधाकडे बघितलं आणि जाऊन तिच्या डोक्यावर, पट्टीच्या शेजारी, नाक टेकून बसल्या.

मैत्री